सासऱ्याचं नाव आणि सोनेरी कार्ड

माखोझा पैशाला पैसा म्हणत नसे. झुलूत पैशाला जो शब्द आहे, 'इमाली', तो लग्नानंतर तिच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. ती 'बिया' म्हणायची. "बँकेत बिया आल्या का?" "टॅक्सीवाल्याच्या बिया आधी बाजूला काढ." "या महिन्यात बियांचा खडखडाट आहे." शहराकडेच्या कातलेहाँग वस्तीत तिच्या गल्लीतली शेजारपाजारची पोरंसुद्धा आता बिया म्हणतात, आणि त्यांना वाटतं की हा कुठला तरी नव्या फॅशनचा शब्द आहे.

कारण साधं होतं. तिच्या सासऱ्याचं नाव भेकिमाली. 'पैशाकडे लक्ष ठेव' असा त्याचा अर्थ. त्याच्या बापाने मोठ्या आशेने ठेवलेलं हे नाव, आणि भेकिमालीने जन्मभर आपल्या शेळ्या सोडून कशाकडेही लक्ष ठेवलं नाही. पण तिच्या सासरी, म्सिंगाच्या डोंगरात, सून उंबरा ओलांडून आत आली की सासऱ्याचं नाव तिच्या तोंडातून जातं, आणि नावाबरोबर त्या नावात बसलेले शब्दही जातात. पलीकडच्या टेकडीवरच्या एका सुनेच्या सासऱ्याचं नाव पाण्यावरून होतं. तिने उभ्या आयुष्यात कधी पाणी मागितलं नाही, 'ओलं' मागितलं. त्या मानाने माखोझाचं बरं चाललं होतं.

पंचाईत व्हायची ती शाळेत. ती पहिलीला शिकवायची. 'लक्ष द्या' म्हणायची सोय नव्हती, म्हणून ती 'डोळे इकडे' म्हणायची. नाण्यांचा धडा आला की हातात नाणं उंच धरून विचारायची, "हे काय?" सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "इमाली!" मग माखोझा मान डोलावून म्हणायची, "शाब्बास. पुन्हा एकदा." तपासणीला आलेल्या एका साहेबाने तर शेरा मारला होता, की बाई स्वतः न सांगता मुलांकडूनच उत्तर काढून घेतात, ही पद्धत इतरांनी उचलावी.

माखोझा म्हणजे खोझांची लेक. लग्न झालं तरी बाई माहेरच्या कुळाने ओळखली जाते. बँकेच्या कागदावर मात्र ती मिसेस म्चुनू होती, आणि हे दुसरं नाव कानावर पडलं की तिला आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं.

बँकेचं ते पहिलं निळं कार्ड तिचा नवरा झ्वेलाखे याने तिला हट्टाने काढायला लावलं होतं. तो लांबच्या फेऱ्यांचा ट्रक चालवायचा, आठवडा आठवडा घरी नसायचा. "मी नसताना अडलीस तर?" एवढंच त्याचं म्हणणं. बँकेत टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, "आता एक गुप्त शब्द सांगा. असा सांगा, की कुणी काही केलं तरी तो तुमच्याकडून काढून घेऊ शकणार नाही."

माखोझा विचारात पडली, तेवढ्यात झ्वेलाखे हसत पुढे वाकला. "लिही. भेकिमाली."

"अहो! हे काय भलतंच?" तिने त्याला कोपर मारलं.

"का? चोराने तुझ्या मानेवर सुरी ठेवली तरी तू हा शब्द सांगणार नाहीस. बँकेला यापेक्षा पक्कं कुलूप जगात कुठे मिळणार आहे?"

टेबलापलीकडची मुलगीही झुलूच होती. ती तोंडावर हात ठेवून हसली, माखोझाही हसली, आणि शब्द यंत्रात गेला. झ्वेलाखेच्या थट्टा अशाच असायच्या. चार वर्षांमागे ड्राकेन्सबर्गच्या घाटात धुक्यात त्याचा ट्रक कठड्यावरून गेला, आणि त्यानंतर घरात थट्टा करणारं कुणी उरलं नाही. त्याची आई तेवढी उरली. म्हातारीला म्सिंगाहून आणून माखोझाने आपल्याजवळ ठेवलं. सगळी गल्ली तिला गोगो म्हणायची, आजी. माखोझा आई म्हणायची.

गोगोची छाती या हिवाळ्यात फारच भरून आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माखोझाला बाहेर बोलावून सांगितलं, "आता त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला." याचा अर्थ माखोझाला समजला. गोगोलाही समजला असावा, कारण त्या दिवसापासून तिने एकच धोशा लावला.

"मला इथे पुरू नका. इथल्या मातीत नुसती काच आणि बाटल्यांची झाकणं. माझी जागा बोरीखाली आहे, त्याच्या डाव्या हाताला. तो वाट बघत असेल."

त्याच्या म्हणजे सासऱ्याच्या. गोगोसुद्धा नवऱ्याचं नाव घेत नसे. 'तो', 'झ्वेलाखेचा बाप', 'शेळ्यांचा धनी', एवढ्यावर तिचा सगळा संसार झाला होता.

याची तजवीज माखोझाने केव्हाच केली होती. निळ्या कार्डातून महिन्याच्या महिन्याला अंत्यविम्याचा हप्ता कापला जायचा. आमच्याकडे माणूस एक वेळ डोक्यावर छप्पर नसताना जगेल, पण अंत्यविमा नसताना मरायला घाबरतो. त्या विम्यात शवपेटी होती, तंबू होता, स्वयंपाकाची मोठी पातेली होती. फक्त एक खोच होती, ती माखोझाला नंतर कळली. निळ्या कार्डावर शव नेणारी गाडी शहराच्या आसपासच फिरायची. म्सिंगा त्या हद्दीच्या कितीतरी पलीकडे राहिलं.

म्हणून ती सोनेरी कार्डाच्या नादाला लागली. नाहीतर सोनेरी रंगाचं तिला काय पडलं होतं?

मॉलमध्ये बँकेने एक छत्री लावली होती. तिच्याखाली सोनेरी टाय घातलेला एक गोड पोरगा उभा होता. "मा, तुमच्यासारख्या बाई अजून निळ्या कार्डावर? शोभत नाही हो."

"मला शोभायचं वय राहिलेलं नाही, बाळा. गाडीचं सांग. सोनेरीवर गाडी कुठपर्यंत जाते?"

"वाटेल तिथे, मा. समुद्रापर्यंत. डोंगरापर्यंत. आणि मागून नातेवाइकांसाठी छोटी बस."

"म्सिंगा?"

"म्सिंगाला तर दोनदा जाईल."

एकदाच जायचं होतं. तिने हो म्हटलं. पोराने कात्री काढली, तिच्या डोळ्यांदेखत निळ्या कार्डाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीने, ते तिच्या ओंजळीत ठेवले. नवं कार्ड पाकिटात घालून दिलं. "विमा आपोआप यावर आला. आता हे फक्त चालू करायचं. एक फोन केला की झालं."

एक फोन! माखोझा त्या दिवशी घरी येताना गोगोसाठी गरम वडे घेऊन आली. "गाडीची सोय झाली, आई," म्हणाली. आणि तिथेच ती चुकली. सोय व्हायच्या आधी सांगून बसली.

फोनवर बराच वेळ बासरी वाजली. मग लुंगेलो नावाचा एक मुलगा बोलायला आला. इंग्रजीत सुरुवात केली, तिचा आवाज ऐकून झुलूत आला. जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. सगळं बरोबर.

"आता फक्त तुमचा गुप्त शब्द सांगा, मा."

 इतक्या वर्षांत तो शब्द कुणी विचारला नव्हता. तो तिथे आहे, हेच ती विसरली होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"हो मा. सांगा."

"सांगता येत नाही."

"विसरलात का?"

"विसरेन कशी? तो न बोलण्यातच माझा जन्म गेला."

पलीकडे कळा वाजल्या. पोरगा पडद्यावर वाचत असणार. मग एकदम त्याचा आवाजच बदलला. "अगं आई गं! मा, तुम्ही म्चुनूंच्या घरच्या... हे तुमच्या सासऱ्यांचं..."

"हो रे बाळा."

"कुणी घातला हा शब्द इथे?"

"ज्याने घातला तो आता नाही."

लुंगेलोला हसू आवरेना, आणि हसल्याबद्दल तो माफीही मागत राहिला. "माझी आई मिठाला 'चवीचं' म्हणते, मा. आजोबांच्या नावात मीठ आहे. दुकानात गेली की बोट दाखवते."

माखोझाला धीर आला. "मग तुला समजलंच. कर आता चालू."

"मला समजलं हो, मा. पण मी समजून काय उपयोग? यंत्र ऐकतंय. तुमचा आवाज त्याने मघाशीच नोंदून घेतला. त्याच आवाजात शब्द यायला हवा. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते लगेच ओळखतं."

"तू हळूच म्हण. मी नुसतं हो म्हणते."

"माझी नोकरी जाईल, मा. सगळं टेप होतं."

मग माखोझाने यंत्राला समजावून पाहिलं. खरंच पाहिलं. "बोरीखाली झोपलेला," ती म्हणाली. "शेळ्यांचा धनी. बियांवर डोळा ठेवणारा." शेवटचं तर अगदी जवळ गेलं होतं. झुलू माणसाला एवढ्यावरून सगळं कळलं असतं. यंत्राने टिंग केलं.

"जुळत नाही म्हणतंय," लुंगेलो म्हणाला.

"अक्षरं सुटी सुटी सांगू का?" हे विचारताना तिला स्वतःलाच कळेना, की सुटी अक्षरं म्हणजे नाव की नाव नाही.

"सुटी चालत नाहीत, मा."

तिला वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. लुंगेलोने आवाज खाली आणला. "मा, चुकीचा शब्द फार वेळा गेला तर कार्ड गोठतं. मी आता फोन ठेवतो, म्हणजे पुढचा मोजला जायचा नाही. तुम्ही घरी जरा सराव करा."

सराव करा म्हणे! पाढे आहेत का ते?

तरी तिने केला. न्हाणीघरात नळ सोडून आरशासमोर उभी राहिली. ओठ 'भे'साठी मिटले ते मिटलेच. जीभ टाळूला चिकटली.  शेवटी बादली भरून वाहायला लागली तेव्हा ती नळ बंद करून बाहेर आली.

शेजारीण मासिथोले कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. तिला सगळं ऐकवल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, म्हणून टाक की एकदाचं! मेलेला माणूस काय काठी घेऊन उठणार आहे? मी तर माझ्या सासऱ्याला त्याच्या तोंडावर शिव्या घातल्या होत्या."

"तुझा सासरा तुझा होता. माझा माझा होता."

"मग बस धरून. गोगोला पुरू आपण इथेच, बाटल्यांच्या झाकणांत." हे बोलून झाल्यावर मासिथोलेला स्वतःलाच वाईट वाटलं. तिने हातातली चादर पुन्हा झटकली.

लोकांना वाटायचं, माखोझा भुताखेतांना घाबरते. तसं नव्हतं. लग्नानंतर सहा वर्षं तिची कूस उजवली नव्हती. झ्वेलाखेच्या चुलत्यांनी एका दुपारी अंगणात बैठक भरवली, हिला परत पाठवा म्हणाले, लग्नात तिच्या माहेरी दिलेल्या गाई परत मागू म्हणाले. माखोझा घरात चुलीमागे बसून सगळं ऐकत होती. भेकिमाली फारसा कधी बोलायचा नाही. तो त्या दिवशी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ही पोर या घरात आल्यापासून तिने माझं नाव सांडलं नाही. ओठांत जपून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी माझं काही एवढं जपलंय?" आणि शेळ्या हाकायला निघून गेला. बैठक मोडली. पुढे नोक्वांडा झाली, पण माखोझाच्या मनात हिशेब त्या दुपारीच मिटला होता. ती जे जपत होती ते भीतीने नव्हे. त्या माणसाला द्यायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून.

हे बँकेला कसं सांगायचं?

ती शाखेत गेली. रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तो दिकेलेदी नावाच्या सोथो जमातीच्या बाईंच्या टेबलावर. चांगली बाई. चष्मा कपाळावर चढवून तिने सगळं ऐकून घेतलं आणि जिभेने च्‌ च्‌ केलं. "आमच्यातही आहे हो हे. माझ्या आईने माझ्या आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. सोपं आहे, शब्द बदलून टाकू."

"बदलता येतो?" माखोझाचा जीव भांड्यात पडला.

"का नाही? आधी जुना शब्द सांगा, मग नवा देऊ."

 दिकेलेदीने चष्मा खाली ओढला, पडद्यावर पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"माझ्या कानात सांगता का?" ती टेबलावरून वाकली. माखोझाही वाकली. बाईंच्या कानातली छोटी मोत्याची कुडी, गालावरच्या पावडरीचा वास, सगळं जवळ आलं. शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. मागे रांगेतला एक जण खाकरला.

"रडू नका हो," दिकेलेदी म्हणाली. "माझ्या कानात सांगूनही भागलं नसतं. मला त्याच नंबरवर फोन लावून तुमच्याच हातात द्यावा लागला असता."

"हप्ता इथे रोखीने भरला तर? बिया आहेत माझ्याजवळ."

"काय आहे?"

"...हप्त्यापुरतं आहे."

"रोख घेता येत नाही. तो विमा कार्डाला बांधलेला आहे. कार्ड चालू नाही म्हणून एक हप्ता आधीच चुकलाय, हा महिनाअखेरचा चुकला की विमा संपला." तिने बोटांनी कळा बडवल्या. "नवा काढून देते, पण त्याला सहा महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांच्या आत कुणी गेलं तर काही मिळत नाही. दुसरं म्हणजे पोलिसांकडून शपथपत्र आणा, मी मुख्य कार्यालयाला पाठवते. उत्तर यायला दीड महिना."

"महिनाअखेर शुक्रवारी आहे," माखोझा म्हणाली.

"हो," दिकेलेदी म्हणाली, आणि उठून तिने स्वतःच्या थर्मासमधला चहा माखोझाला दिला. बँकेच्या नियमांत तेवढंच बसत होतं.

माखोझा बाहेर येऊन बाकावर बसली. लुंगेलोला समजलं होतं. दिकेलेदीला समजलं होतं. दाराशी उभ्या राखणदारानेसुद्धा सगळं ऐकून तिच्यासाठी दार जरा जास्त वेळ धरून ठेवलं होतं. समजत सगळ्यांना होतं. करता कुणालाच येत नव्हतं. कुणी एखादा नीच माणूस यात असता, तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. केपटाउनहून नोक्वांडाने फोनवरच्या ॲपमध्ये दिवसभर खटपट केली आणि संध्याकाळी कळवलं, "आई, शेवटी तेही म्हणतंय की फोन करून शब्द सांगा. मी तुझ्या आवाजात बोलून बघू का?" यंत्र ओळखेल, माखोझा म्हणाली. आणि तुझी खटपट फुकट जाईल, कार्ड गोठेल.

शुक्रवारी ती शाळेतून लवकर निघाली. वाटेत टॅक्सीत तिने मनाशी ठरवलं. म्हणायचं. सासऱ्याने उठून त्या दिवशी जे केलं, ते आज त्याच्या बायकोसाठी करायचं. नाव सांडलं तर सांडलं. त्याची क्षमा तिथे बोरीखाली जाऊन, शेळी कापून मागता येईल.

घरात फोनला रेंज फक्त गोगोच्या खिडकीशी यायची, आणि फोनचा कानाचा भाग बिघडला होता, म्हणून मोठ्या आवाजावरच बोलावं लागायचं. गोगो उशांना टेकून डुलकी घेत होती. पायांवर तिची तपकिरी गोधडी. बासरी वाजली. आज लुंगेलो नव्हता, इंग्रजी बोलणारी कुणी मुलगी होती. जन्मतारीख. पत्ता.

"मॅडम, तुमचा गुप्त शब्द?"

माखोझाने खिडकीची चौकट घट्ट धरली. ओठ मिटले. आणि या वेळी ते उघडलेही. 'भे' बाहेर यायला निघाला होता. हे तिचं तिलाच माहीत, पुढे कधी कुणाला पटवता येणार नाही, पण तो निघाला होता.

"काय मागतेय ती पोर?" मागून गोगोने विचारलं. ती जागी होती.

 "एक शब्द, आई."

"मग देऊन टाक. शब्दाला काय बिया पडतात?"

 माखोझाचे गुडघे आपोआप वाकले आणि नजर खाली गेली, नव्या सुनेची जाते तशी. त्या घरातल्या बायकांची नजर एकाच नावासाठी अशी खाली जायची. गोगोने ते पाहिलं.

"त्याचं?"

"हो, आई."

"बँकेला त्याच्याशी काय काम?"

"तुम्हाला घरी न्यायची गाडी त्यांच्याकडे आहे. शब्द दिला तरच..." पुढचं तिला बोलवेना.

"मॅडम, ऐकू येतंय का?" फोन म्हणाला.

गोगोने हात पुढे केला. "आण इकडे."

"आई, नको. मी म्हणते. मी म्हणणारच होते, खरंच..."

"तू कशाला? तू सून आहेस. तुला अजून त्याच्या घरात राहायचंय. मी तर त्याच्याकडेच निघाले आहे, मीच विचारते त्याला." आणि म्हातारीने तिच्या हातातून फोन घेतला. माखोझाने तो ओढून घ्यायला हवा होता. ओढताही आला असता, त्या हातांत होतं काय! पण सासूच्या हातातून वस्तू हिसकावणं हेही तिला कधी जमलेलं नव्हतं.

गोगो उशांवरून उठून ताठ बसली. फोन कानाला नाही, तोंडासमोर धरला. म्सिंगात बायका एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाक मारतात, बारीक, लांब, शेवटाला वर चढणारी. तशी हाक त्या चार भिंतींच्या खोलीत उठली.

"भेकिमाली! भेकिमालीऽऽ वो!"

बाहेर मासिथोलेच्या हातातली बादली थांबली. गोगोला खोकल्याची ढास लागली. माखोझाने एका हाताने तिची पाठ धरली, दुसऱ्या हाताने फोन. यंत्राने टिंग केलं.

"मॅडम," ती मुलगी इंग्रजीत म्हणाली, आवाजात जराही राग नाही, उलट काळजीच. "मला दुसऱ्या व्यक्तीचा आवाज ऐकू येतोय. कुणी तुमच्यावर दबाव आणतंय का? तुमच्या सुरक्षेसाठी मी हे कार्ड बंद केलं आहे. कृपया शाखेत जा. आणखी काही मदत करू?"

"ताई, ती माझी सासू आहे. शब्द बरोबर आहे. बरोबर आहे ना? पडद्यावर बघा."

"ते मला सांगता येत नाही, मॅडम. आणखी काही मदत?"

"मी म्हणते आता. मी स्वतः म्हणते, ऐका..."

बासरी सुरू झाली होती.

गोगोला इंग्रजी येत नव्हतं. खोकला ओसरल्यावर ती उशीवर पडून राहिली. डोळ्यांत पाणी, पण चेहऱ्यावर एक नवाच लाजरेपणा, चोरून काही खाल्ल्यासारखा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली होती, आणि तीही परक्या पोरीच्या कानात.

"ऐकलं का तिने?"

"ऐकलं, आई," माखोझा म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

"स्पष्ट ऐकलं?"

"अगदी स्पष्ट."

"मग नेतील आता." गोगोने गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली. "जीवच टांगणीला लागला होता बघ माझा. तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की कुठेतरी घोडं अडलंय."

माखोझा स्वयंपाकघरात गेली. मक्याचं पीठ आधणात टाकलं आणि घोटत राहिली. सोमवारी परत शाखेत जायचं, दिकेलेदीबाईंच्या टेबलाशी उभं राहायचं, शपथपत्र, दीड महिना, सहा महिने. डॉक्टर म्हणाले होते, आवडतं ते खाऊ घाला. तिने दह्याचं भांडं काढलं. गोगोला आंबट दह्याबरोबर हा मक्याचा पुतू आवडायचा.

आतून बोलण्याचा आवाज येत होता. एकदा सुटलेलं नाव आता म्हातारीच्या तोंडातून जाईना. हाक नव्हती ती, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू, मधे मधे थांबत. माखोझाने चमचा थांबवला आणि ऐकलं.

"भेकिमाली," गोगो सांगत होती, "जागा आवरून ठेव. गाडीची सोय झालीय."